डिस्क हातात, चावी दुसऱ्याकडे

बेळगावात गेमची डिस्क सहसा कुणाच्या तरी हातून पुढे सरकत येते. कॅम्पातल्या एखाद्या फौजी कुटुंबाची बदली झाली की सामान बांधायच्या आधी कन्सोल विकायला निघतो. इंजिनिअरिंगची पोरं शेवटच्या सेमिस्टरनंतर खोली रिकामी करतात तेव्हा डिस्कांची पिशवी ज्युनिअरच्या हवाली करून जातात. गणपतीला पुण्याहून गावी आलेला दादा खेळून झालेले दोन गेम धाकट्यांना देतो, मग ते शहापुरातून टिळकवाडीत आणि तिथून कुणाच्या तरी ओळखीनं निपाणी-संकेश्वरपर्यंत पोचतात. प्लेस्टेशन ५ चा मोठा गेम नवा घ्यायला ४,९९९ रुपये किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. एवढे पैसे एका गेमवर घालणं इथल्या बहुतेक घरांत बसत नाही. सेकंड हँड हाच इथला रुळलेला रस्ता आहे.

या रस्त्यावर कंपन्यांनी गेल्या पंधरा वर्षांत जे अडसर घातले, ते पुण्या-मुंबईपेक्षा आपल्यासारख्या गावाला जास्त बोचतात असं माझं ठाम मत आहे. ते नेमके कुठे असतात हे ठाऊक असेल तर निम्मं नुकसान सहज टळतं.

सुरुवात एका कागदी चिठ्ठीनं झाली. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या 'मास इफेक्ट २' च्या नव्या खोक्यात एक कोड छापलेली चिठ्ठी होती. तो कोड टाकला की पुढची जादा मिशन्स आणि साहित्य फुकट मिळायचं. जुनी डिस्क घेणाऱ्याला त्याच गोष्टीसाठी १५ डॉलर मोजावे लागत. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं आपल्या खेळांच्या गेम्सना 'ऑनलाइन पास' लावला. पहिला मान 'टायगर वूड्स पीजीए टूर ११' चा, किंमत १० डॉलर. म्हणजे त्या वेळच्या दरानं साडेचारशेच्या आसपास रुपये. पास नसेल तर एकट्यानं खेळा, ऑनलाइन सामना नाही. टीएचक्यूनं 'यूएफसी २०१०' ला असाच ५ डॉलरचा कोड लावला. २०११ मध्ये सोनीनं 'रेझिस्टन्स ३' पासून आणि युबिसॉफ्टनं 'ड्रायव्हर: सॅन फ्रान्सिस्को' पासून हीच वाट धरली.

कंपन्यांची बाजू अशी होती की सर्व्हर चालवायला पैसे लागतात आणि जुन्या डिस्कच्या विक्रीतून आम्हाला दमडी मिळत नाही. दुसरा भाग खरा आहे. पहिला भाग मात्र हिशेबात टिकत नाही. पहिल्या खेळाडूनं डिस्क विकली की तो सर्व्हरवरून उठला, दुसरा त्याच जागी बसला. डिस्क एक, खेळणारा एका वेळी एक. जागेचे पैसे खोक्याच्या किमतीत आधीच आलेले असतात. शिवाय पहिला माणूस पूर्ण किंमत देतो ती पुढे निम्मे-पाऊण पैसे परत येतील या भरवशावर. जुना बाजार मोडला की तोही नवा गेम घेताना हात आखडतो.

तरीही ऑनलाइन भागाचे पैसे मागणं मी एक वेळ समजू शकतो. ऑक्टोबर २०११ मध्ये 'बॅटमॅन: अर्कहम सिटी' मध्ये जे झालं ते समजू शकत नाही. कॅटवुमनचा भाग, जो घरात एकट्यानं बसून खेळायचा आणि ज्याला सर्व्हरची गरज नाही, तोच कोडच्या कुलपात ठेवला होता. जूनमध्ये वरच्या वर्गातल्या मुलाकडून घेतलेल्या पुस्तकाचे शेवटचे दोन धडे कुणी चिकटवून ठेवावेत, तसा हा प्रकार. गोष्टीचा तुकडा काढून घेणं आणि चालू सेवेचे पैसे मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठल्याही कंपनीबद्दल मत बनवताना मी आधी एवढंच बघतो.

आपल्याकडे या १० डॉलरची अडचण रकमेपुरती नव्हती. पैसे भरायलाच परदेशी व्यवहाराला चालणारं क्रेडिट कार्ड लागायचं. खानापूरच्या पोराच्या वडिलांकडे ते कुठून असणार? म्हणजे साडेचारशे रुपये रोख हातात असूनही कुलूप उघडत नव्हतं.

मे २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं ऑनलाइन पास बंद केला. त्याच सुमाराला मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन जाहीर केला. त्याचे नियम असे होते: कन्सोलनं दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावायची, गेम मित्राला एकदाच देता येणार, तोही मित्र यादीत किमान ३० दिवस असेल तरच. १० जूनला सोनीनं मंचावरून सांगितलं की प्लेस्टेशन ४ च्या डिस्क पूर्वीसारख्याच विका, उसन्या द्या. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि १९ जूनला मायक्रोसॉफ्टनं आपले नियम मागे घेतले. त्याच जूनमध्ये सोनीनं आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती टाळ्यांत विरून गेली. प्लेस्टेशन ४ वर ऑनलाइन सामने खेळायला सोनीचं पैसे भरून घ्यायचं 'प्लस' सदस्यत्व लागणार. मला ही पद्धत पासापेक्षा रास्त वाटते. नवी डिस्क असो की जुनी, ऑनलाइन खेळणाऱ्या प्रत्येकाला तेच पैसे.

पास गेले, पण अडसर गेले नाहीत. ते आता खोक्याच्या आत वेगवेगळ्या रूपांत बसलेत, म्हणून जुना गेम घेताना खोकं नीट वाचायला शिकावं लागतं.

सगळ्यात आधी बघायचं ते डिस्कवर गेम किती आहे. प्लेस्टेशन ४ ची ब्लू-रे डिस्क ५० जीबीपर्यंतची असते, ५ ची १०० जीबीपर्यंत. गेम आधी हार्डडिस्कवर उतरतो आणि नंतर डिस्क फक्त पुरावा म्हणून आत लागते. पण डिस्कवर पूर्ण गेम असेलच असं नाही. २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' च्या प्लेस्टेशन ५ च्या डिस्कवर जेमतेम ७० एमबी होते, बाकी सगळं नेटवरून उतरवायचं. खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'इंटरनेट आवश्यक' किंवा 'डाउनलोड आवश्यक' असं लिहिलेलं असतं. ती ओळ न वाचता पैसे देऊ नयेत. ६० जीबी उतरवायचे असतील तर ४० एमबीपीएसच्या फायबरवर सव्वातीन-साडेतीन तास लागतात. रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर तेच काम ४० दिवसांचं, आणि त्या ४० दिवसांत फोनवर दुसरं काही बघायचं नाही. टिळकवाडीत फायबर आहे म्हणून हा प्रश्न किरकोळ वाटतो. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात, तिथे असली डिस्क म्हणजे नुसती चकती. तिकडच्या गिऱ्हाइकाला विकणार असाल तर हे आपणहून सांगायला हवं.

मग खोक्यातली चिठ्ठी. प्लेस्टेशनचा कोड १२ अक्षरांचा असतो, चार-चारच्या तीन गटांत. एक्सबॉक्सचा २५ अक्षरांचा. कोड एकदा टाकला की तो त्या अकाउंटला कायमचा चिकटतो, डिस्कबरोबर तो पुढे जात नाही. न वापरलेल्या कोडलाही मुदत असते, चिठ्ठीवर तारीख छापलेली असते, ती बघा. 'अल्टिमेट', 'डिलक्स', 'कम्प्लीट' असली नावं पाहून भाव वाढवला जातो, पण त्यातलं जादा साहित्य कधी डिस्कवर असतं, कधी फक्त चिठ्ठीवर. म्हणून विचारायचा प्रश्न सरळ आहे: "दादा, आतली चिठ्ठी आहे काय? कोड टाकलाय काय?" कोड वापरलेला असेल तर डिलक्स आवृत्तीला साध्या आवृत्तीचाच भाव द्यायचा. त्यावर घासाघीस करण्यात संकोच नको, कारण तुम्हाला मिळणार आहे तेवढंच.

यानंतरचा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही आणि त्यानं भल्याभल्यांचे पैसे बुडालेत. प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या डिस्क जगात कुठूनही आणल्या तरी चालतात, पण नंतर विकत घेतलेलं जादा साहित्य, ज्याला सगळे डीएलसी म्हणतात, ते डिस्कच्या प्रदेशाशी जुळावं लागतं. प्लेस्टेशनचं भारतीय स्टोअर युरोपच्या गटात मोडतं. म्हणून युरोपच्या डिस्कला भारतीय अकाउंटवरचं डीएलसी लागू पडतं, अमेरिकेच्या डिस्कला पडत नाही. अमेरिकेतल्या मावसभावानं पाठवलेली किंवा गोव्यात कुणाकडून स्वस्तात मिळालेली डिस्क मूळ गेमपुरती छान चालते, पण विस्ताराचे हजार रुपये भरल्यावर गेमला तो विस्तार दिसतच नाही. परतावा मागत बसायचं, आणि तो मिळेल याची खात्री नाही.

ओळखायचं कसं? खोकं हातात घ्या आणि समोरची खालची डावी बाजू बघा. रंगीत चौकोनात ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आकडा असेल तर तो युरोपचा वयोगटाचा शिक्का. काळ्या-पांढऱ्या चौकटीत ई, टी किंवा एम असं इंग्रजी अक्षर असेल तर डिस्क अमेरिकेची. खोकं बदललेलं असू शकतं, म्हणून डिस्कही बघा. तिच्यावर आणि खोक्याच्या कण्यावर क्रमांक असतो. प्लेस्टेशन ४ चा क्रमांक सी-यू-एस-ए या अक्षरांनी सुरू होतो, ५ चा पी-पी-एस-ए नं, पुढे पाच आकडे. आता फोनच्या ब्राउझरमध्ये भारतीय स्टोअरवर त्या डीएलसीचं पान उघडा आणि वरचा पत्ता वाचा. त्यात ई-पी नं सुरू होणारा लांबलचक क्रमांक असतो. ई-पी म्हणजे युरोप, यू-पी म्हणजे अमेरिका, एच-पी म्हणजे आशिया. त्याच्या पोटात सी-यू-एस-ए चा क्रमांक असतो. त्या पानावरचा आणि डिस्कवरचा क्रमांक जुळला तर खुशाल पैसे भरा. जुळला नाही तर थांबा. आखातातून येणाऱ्या डिस्कांवर अरबी पट्टी असते, त्यांच्या बाबतीत शिक्क्यावर न विसंबता क्रमांकच जुळवा. एवढं करायला दोन मिनिटं पुरतात.

निन्टेन्डोचं गणित वेगळं. त्यांच्या स्विच कन्सोलला डिस्कऐवजी कार्ट्रिज लागतं आणि त्यावर प्रदेशाचं कुलूप नाही. पण २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ बरोबर 'गेम-की कार्ड' आलं. दिसायला ते कार्ट्रिजच, पण आत गेम नसतो, नुसता परवाना असतो. ते विकता येतं, उसनं देता येतं, पण पहिल्या वेळी नेटवरून पूर्ण गेम उतरवावा लागतो. खोक्याच्या पुढच्या बाजूला खाली किल्लीचं चिन्ह असलेली पट्टी असते, तीच त्याची ओळख. याहून वाईट म्हणजे खोक्यात कार्डच नसून फक्त कोड असणं. असलं उघडलेलं खोकं जुन्या बाजारात शून्य किमतीचं.

कार्ट्रिजचा आणखी एक धोका आहे. प्रत्येक कार्ट्रिजला स्वतःची वेगळी डिजिटल ओळख असते. कुणी तिची नक्कल काढून मूळ कार्ट्रिज विकलं आणि दोन्ही एकदम ऑनलाइन दिसली, तर निन्टेन्डोचा सर्व्हर कन्सोलवर बंदी घालतो. यात सरळमार्गी गिऱ्हाईकही अडकतं. स्विच २ बाजारात आल्यावर जुनी कार्ट्रिज घेतलेल्या माणसाचा कन्सोल असाच बंद झाल्याचं जाहीरपणे समोर आलं. कार्ट्रिजचे फोटो आणि विक्रीची जाहिरात दाखवल्यावर कंपनीनं बंदी उठवली. म्हणून जुनं कार्ट्रिज घेताना विक्रेत्याशी झालेलं बोलणं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि कार्ट्रिजच्या दोन्ही बाजूंचे फोटो जपून ठेवा. निर्दोष असल्याचा पुरावा विकत घेणाऱ्यानं द्यायचा, हे मला मुळातच उलटं वाटतं. चोरी केली नाही हे सिद्ध करायची वेळ ज्यानं पैसे मोजले त्याच्यावर का यावी?

कॉम्प्युटरचा जुना बाजार तर कधीच संपला. नोव्हेंबर २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' ची डिस्क दुकानात मिळायची, पण चालवायला स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या अकाउंटला जोडावी लागायची आणि एकदा जोडली की विकायला काही उरत नसे. २००८ मध्ये 'स्पोअर' फक्त तीनदा ॲक्टिव्हेट करता येत होता. गणपत गल्लीत कुणी कॉम्प्युटर गेमची जुनी खोकी विकायला काढली तर ती आठवण म्हणून घ्या, खेळायला म्हणून नको.

आता कन्सोल. इथे डिस्कपेक्षा मोठी फसगत होते. 'प्लेस्टेशन ४, वीस गेम लोड करून' अशी जाहिरात असते. ते वीस गेम विक्रेत्याच्या अकाउंटवरचे असतात. त्यानं पुढे अकाउंट काढून घेतलं की प्रत्येक चित्रावर कुलूप दिसतं. म्हणून त्या वीस गेम्सचा भाव शून्य धरा आणि नुसत्या यंत्राचा भाव ठरवा. विक्रेत्यासमोर बसूनच पुढचं करून घ्या. प्लेस्टेशन ४ वर: सेटिंग्ज, अकाउंट मॅनेजमेंट, ॲक्टिव्हेट ॲज युवर प्रायमरी पीएस४, आणि तिथे डीॲक्टिव्हेट. प्लेस्टेशन ५ वर: सेटिंग्ज, युजर्स अँड अकाउंट्स, अदर, कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले, आणि तिथे डिसेबल. मगच इनिशियलायझेशन किंवा रीसेट. प्लेस्टेशन ४ ला 'फुल' निवडलं तर काही तास लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा आणि मध्येच वीज जाणार नाही याची काळजी घ्या. हा क्रम उलटा झाला तर विक्रेत्याचं अकाउंट त्या यंत्राशी कागदोपत्री बांधलेलंच राहतं. त्याला मग वेबसाइटवरून सगळी यंत्रं एकदम सोडवावी लागतात, आणि तसं सहा महिन्यांत एकदाच करता येतं.

रीसेट झाल्यावर फोनचा हॉटस्पॉट लावून स्वतःच्या अकाउंटनं साइन इन करा. बंदी घातलेला कन्सोल इथेच उघडा पडतो. खिशात एक चालू डिस्क घेऊन जा आणि ती लावून गेम प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत थांबा. नुसतं डिस्कचं चित्र दिसलं म्हणून उठू नका. जेलब्रेक केलेला, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडलेला, कन्सोल असेल तर सिस्टीम मुद्दाम जुनी ठेवलेली असते. नव्या डिस्क सिस्टीम अपडेट केल्याशिवाय चालत नाहीत, आणि अपडेट केलं की जेलब्रेक जातं. असं यंत्र घेणाऱ्याला अलीकडच्या गेमच्या अस्सल डिस्कांचा बाजार जवळपास बंदच.

प्लेस्टेशन ४ च्या बोर्डावर सीआर२०३२ चं नाण्याएवढं सेल असतं. पूर्वी ते संपलं आणि कन्सोलला सोनीचा सर्व्हर गाठता आला नाही, तर डिस्कवरचे गेमसुद्धा सुरू होत नसत, कारण घड्याळाची खात्री पटत नसे. सप्टेंबर २०२१ च्या ९.०० सिस्टीमनं हा दोष काढला. म्हणून जुना कन्सोल घेताना सिस्टीमचा आकडा ९.०० किंवा त्याच्या वर आहे ना, एवढं बघा. काही रुपयांच्या सेलवर हजारोंच्या डिस्क अडकाव्यात, इतकी ही मालकी नाजूक झालेली आहे.

डिस्कवरचे ओरखडे हा विषय थोडक्यात. ब्लू-रेचा माहितीचा थर वरून फक्त ०.१ मिलिमीटर खाली असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर खोल. म्हणून डीव्हीडी घासून देणारं पॉलिश मशीन किंवा टूथपेस्टचा इलाज ब्लू-रेवर चालवू नका. ब्लू-रेवर आधीच कडक लेप असतो, म्हणून हलके ओरखडे सहसा बाधत नाहीत. नख अडकेल असा खोल चरा असेल तर डिस्क सोडून द्या. लेबलच्या बाजूला दाबल्याच्या खुणा किंवा मधल्या भोकाभोवती तडा दिसला तरी तेच.

कायदा काय म्हणतो? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये १९९४ साली असे शब्द होते की सॉफ्टवेअरची प्रत आधी विकली गेली असली तरी पुढच्या विक्रीचा हक्क कॉपीराइटच्या मालकाकडेच राहतो. १९९९ च्या दुरुस्तीत ते शब्द काढले. त्यामुळे विकत घेतलेली अस्सल डिस्क पुन्हा विकणाऱ्याची बाजू मजबूत झाली. धंदा म्हणून भाड्यानं देण्याचा हक्क मात्र कॉपीराइटच्या मालकाकडेच आहे. दिवसाच्या भाड्यानं डिस्क देणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावं. युरोपच्या न्यायालयानं जुलै २०१२ मध्ये डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचा कायमचा परवानाही पुढे विकता येतो असं म्हटलं. कॅलिफोर्नियात २०२५ पासून, नुसता परवाना देताना तो परवाना आहे हे न सांगता 'खरेदी करा' असं लिहिता येत नाही. हे सगळं स्वागतार्ह आहे. पण कायदा प्रतीबद्दल बोलतो आणि कंपन्यांनी मोलाचं ते सगळं प्रतीतून काढून अकाउंटमध्ये नेलंय. परवाना दाखवण्याची सक्ती आपल्याकडेही यावी, आणि ती खोक्याच्या पुढच्या बाजूवर मोठ्या अक्षरात असावी असं मला मनापासून वाटतं.

तोवर विकणाऱ्यानंच ते लिहावं. जाहिरात टाकताना गेमचं नाव आणि भाव एवढ्यावर थांबू नका. डिस्कवरचा पूर्ण क्रमांक, प्रदेश, कोडची चिठ्ठी आहे की नाही आणि वापरलीय की नाही, चालवायला नेटवरून किती जीबी उतरवावे लागतात, ऑनलाइन सर्व्हर अजून चालू आहेत का, आणि डिस्कच्या दोन्ही बाजूंचे उजेडातले फोटो. डिस्क ड्राइव्ह नसलेल्या डिजिटल प्लेस्टेशन ५ वर डिस्क चालत नाही, हेही एका ओळीत टाका, कारण खोक्यावर 'पीएस५' एवढंच वाचून कोल्हापूरहून बसनं पार्सल मागवणारे असतात आणि मग दोन्हीकडचं भाडं कुणी भरायचं यावरून वाद होतो. गेमचे सर्व्हर बंद झालेले असतील तर नुसत्या ऑनलाइन गेमची डिस्क विकायलाच काढू नका, तिचं खोकं तेवढं सुट्या डिस्क ठेवायला कामी येतं.